गनीभाईंची पॉइंट टू-टू

गनी होडेकर बंदुका दुरुस्त करत आणि बंदुकीच्या आवाजाला भीत. दुबईहून अबुधाबीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आत वाळूत एक शूटिंग क्लब आहे. तिथे ते एकवीस वर्षं नोकरीला होते, आणि इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी फक्त एका माणसाला सांगितली होती.

मूळ माणूस श्रीवर्धनचा. तरुणपणी शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. मशीन चालताना नुसतं ऐकून सांगायचे, की दोरा ताणलेला आहे की सुई वाकडी आहे. त्या कानाच्या जोरावर शारजात एका कपड्यांच्या कारखान्यात मेकॅनिक म्हणून आले. पुढे या क्लबमध्ये कागदी निशाणं मागे-पुढे नेणारी ट्रॉली बंद पडली, कुणीतरी गनीभाईंचं नाव सांगितलं, आणि त्यांनी ती अर्ध्या तासात चालू करून दिली. क्लबवाल्यांनी त्यांना ठेवूनच घेतलं. आधी ट्रॉल्या, मग एअरगन, मग पिस्तुलं, मग रायफली असे ते चढत चढत आर्मरर झाले. बंदुकांची साफसफाई, दुरुस्ती, कुलूपकिल्ली, सगळं त्यांच्याकडे.

पहिल्या महिन्यात त्यांनी एक रायफल झाडून पाहिली होती. चाप ओढण्याआधीच दोन्ही डोळे गच्च मिटले, खांदे कानाला लागले, आणि गोळी निशाणाच्या बरीच वर, मागच्या वाळूच्या ढिगाऱ्यात गेली. पुढे तीन दिवस त्यांच्या कानात तोच दणका घुमत राहिला. बंदूक हातात घ्यायला, खोलायला, तेल घालायला त्यांना काही वाटत नसे. तिने तोंड उघडायची वेळ आली की मात्र ते दाराबाहेर असायचे.

अडचण एवढीच होती, की दुरुस्तीनंतर प्रत्येक बंदुकीतून पाच गोळ्या झाडून बघायच्या, असा क्लबचा नियम. त्या पाच गोळ्या विघ्नेश झाडायचा. विघ्नेश कुडाळचा, क्लबचा रेंज ऑफिसर. सुरुवातीला गनीभाई त्याला सांगायचे, आज मनगट दुखतंय. मग सांगायचे, चष्म्याचा नंबर बदललाय. तिसऱ्या वर्षी विघ्नेशने त्यांचा हात धरून विचारलं, तेव्हा त्यांनी खरं सांगून टाकलं. विघ्नेश हसला नाही, कुणाला बोललाही नाही. गनीभाईंची बायको सुरैय्या हिच्या हातचं सांदण दर आठवड्याला त्याच्या डब्यात जाऊ लागलं. कशाबद्दल जातंय, ते तिला ठाऊक नव्हतं.

इकडे हे असं, आणि तिकडे श्रीवर्धनात गनीभाईंची कीर्ती वाढत चाललेली. त्यांची थोरली बहीण मरियमबी सगळ्यांना सांगायची, माझा भाऊ अरबांना निशाणेबाजी शिकवतो. गनीभाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं, पण खोडूनही काढलं नव्हतं. गावी गेले की लोक त्यांना ‘बंदूकवाले’ म्हणायचे, खुर्ची पुढे करायचे. त्या खुर्चीत बसून गनीभाई गालातल्या गालात हसायचे, आणि लोक समजायचे, मोठा माणूस, बढाई मारत नाही.

गेल्या वर्षी काडतुसांचे भाव चढले. क्लबमध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफली होत्या सहा. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत येते, तशातल्या. येणाऱ्या पाहुण्यांचा सगळा जीव त्या रायफलींवर. पण गोळी झाली आठ दिरहमला एक. माणसं काउंटरवर उभी राहून मोठ्याने हिशोब करायची: आठ दिरहम, म्हणजे जवळपास एकशेनव्वद रुपये, एका ठो ला. दहा गोळ्या झाडायची, फोटो काढायची आणि जायची. नेहमीचे मेंबर तर यायचेच बंद झाले.

क्लबच्या मॅनेजर संपदा मॅडम. पुण्याच्या, राहायच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये, वयाने गनीभाईंच्या मुलाएवढ्या आणि डोक्याने भलत्याच तल्लख. त्यांनी कुठूनतरी शोधून सहा कन्व्हर्जन किट मागवली आणि गनीभाईंच्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, “गनीचाचा, रायफल तीच, फक्त पोट बदलायचं. आतला बोल्ट काढून हा घालायचा, मॅगझिन हे लावायचं, की हीच रायफल पॉइंट टू-टूची बारीक गोळी खाते. गोळी एक दिरहमला. चोवीस रुपये. मेंबर्सना प्रॅक्टिस अफोर्ड होईल.”

गनीभाईंनी किट उलटसुलट करून पाहिलं. काम सुबक होतं. पण ते बारीक काडतूस तळहातावर घेतल्यावर त्यांना हसू आलं. एवढ्या दांडग्या रायफलीत हे म्हणजे पैलवानाच्या ताटात दोन काजू. मॅडमनी सांगितलं की सहाही किट आठवडाभरात तपासून हवी आहेत. प्रत्येकातून शंभर गोळ्या. गनीभाई मान डोलावून म्हणाले, “इन्शाल्ला.” आणि विघ्नेशला शोधायला गेले.

विघ्नेशच्या घराचं बांधकाम कुडाळला पूर्ण झालं होतं आणि वास्तुशांतीसाठी तो बावीस दिवस रजेवर निघाला होता. बॅग भरून झालेली. गनीभाईंनी त्याला गोष्ट सांगितली. तो दोन्ही हात जोडून म्हणाला, “गनीभाई, ही बारीक गोळी आहे. एकदा झाडून तर बघा.” आणि विमानतळावर गेला.

गनीभाईंनी दोन दिवस किटला नुसतं तेल घातलं. तिसऱ्या सकाळी मॅडमनी विचारलं, झालं का. मग मात्र ते क्लब उघडायच्या आधी, कुणी नसताना, एक नंबरच्या लेनवर गेले. कानात रबरी बोळे घातले, त्यावर मोठी हेडफोनसारखी कानझाकणं चढवली, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली, कलमा पुटपुटला, डोळे मिटले आणि चाप ओढला.

टप्.

गनीभाईंना वाटलं, गोळी सुटलीच नाही. त्यांनी एक डोळा उघडला. निशाणाच्या कागदावर, कोपऱ्यात, पेन्सिलीने टोचल्यासारखं एक भोक होतं. खांद्याला काही लागलं नव्हतं. जणू घरातल्या कुणीतरी ‘ऐकलंत का’ म्हणून बोटाने टोचावं, इतकंच. त्यांनी दुसरी झाडली, डोळे किलकिले ठेवून. तिसरी उघड्या डोळ्यांनी. दहाव्या गोळीला ते हसत होते. पंचविसाव्या गोळीला त्यांनी घड्याळात पाहिलं आणि क्लब उघडायला अजून वीस मिनिटं आहेत म्हणून त्यांना बरं वाटलं. ज्या अवजाराच्या पोटातला स्क्रू न् स्क्रू माहीत होता, ते कशासाठी असतं ते त्यांना चोपन्नाव्या वर्षी कळलं.

त्या दिवसापासून ते रोज सकाळी तास-तासभर लवकर जाऊ लागले. सुरैय्याला सांगायचे, तपासणी चालू आहे. खोटंही नव्हतं, कारण किटमध्ये खोड निघाली. चार-पाच गोळ्या सुरळीत जायच्या आणि मधेच रिकामं टरफल आत अडकून बसायचं. मॅडम म्हणाल्या, परत पाठवूया. गनीभाई म्हणाले, थांबा. ते डोळे मिटून, या खेपेला ऐकण्यासाठी मिटून, गोळ्या झाडत बसले. टप्, टप्, टप्, टुप्. त्या ‘टुप्’ला बोल्ट पुरता मागे जात नव्हता. शिलाई मशीन टाका सोडते, तेव्हा हुबेहूब असा आवाज येतो. खोट किटमध्ये नव्हती, गोळीत होती. पुरवठादाराने सगळ्यात स्वस्त गोळी दिली होती आणि तिच्या अंगात बोल्ट ढकलायचा जोर नव्हता. गनीभाईंनी सात प्रकारच्या गोळ्यांचे डबे मागवले, प्रत्येकाच्या शंभर-शंभर झाडल्या, आणि दोन डबे निवडले. शिवाय या गोळीला मेण असतं, त्याची काजळी बसते, म्हणून साफसफाईची वेळ ठरवून दिली. त्यानंतर सहाही रायफली तक्रार न करता चालू लागल्या. मॅडम खूश. आणि या सगळ्या भानगडीत हजारभर गोळ्या झाडून गनीभाईंचा हात असा काही बसला, की पंचवीस मीटरवरची भोकं एका बशीत मावू लागली, मग एका कपात.

मेंबर हळूहळू परत आले. काहींनी नाकं मुरडली. सिनेमात पाहिलेला दणका त्यांना हवा होता, आणि हातात आली होती शिंकेएवढी ‘टप्’. पण अबू सैफ नावाचे एक जुने मेंबर होते, सत्तरीचे, तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांनी रायफल सोडली होती. त्यांनी एक मॅगझिन झाडलं, खांदा चाचपला, आणि आपल्या हिंदीत गनीभाईंना म्हणाले की ही बंदूक तर माणसासारखी बोलते. त्या दिवशी त्यांनी दोनशे गोळ्या संपवल्या आणि जाताना गनीभाईंच्या टेबलावर खजुराचा डबा ठेवला.

मॅडमना मग कल्पना सुचली. एका शनिवारी सकाळी मेंबर, स्टाफ आणि घरच्या मंडळींसाठी मैत्रीपूर्ण स्पर्धा ठेवायची. किट लावलेल्या रायफली, पंचवीस मीटर, वीस गोळ्या. गनीभाईंनी स्वतःहून नाव दिलं. मॅडमना नवल वाटलं.

डिस्कव्हरी गार्डन्समधल्या गनीभाईंच्या घरी ही बातमी पोचवली नात इनायाने. क्लबच्या पेजवर तिला पोस्टर दिसलं. ती म्हणाली, “दादा, यू आर ऑन द लिस्ट.” सुनेने, रुखसारने, ते मोठ्याने वाचून दाखवलं. मुलाने, झुबेरने, लगेच ठरवलं की सगळ्यांनी जायचं आणि मरियमबीफूफूला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं. सुरैय्याने फक्त विचारलं, तिथे बसायला सावली आहे का.

शनिवारी गनीभाईंनी इस्त्रीचा शर्ट घातला. घरची चौघं काचेमागे बाकावर बसली, प्रत्येकाच्या कानावर झाकणं. झुबेरच्या हातातल्या फोनमध्ये मरियमबी, आणि तिच्या मागे श्रीवर्धनातली दहा-बारा माणसं दाटीवाटीने. गनीभाई लेनवर गेले, पाय रोवले, आणि वीस गोळ्या अशा झाडल्या की झुबेर फोन धरायचं विसरला. श्रीवर्धनकरांना बराच वेळ नुसतं छत दिसत होतं. दोनशेपैकी एकशे सत्त्याऐंशी. अबू सैफ एकशे चौऱ्याऐंशी. बाकीचे बरेच खाली. अबू सैफनी गनीभाईंना मिठी मारली आणि म्हणाले, आपला खांदा नवा असता तर गोष्ट वेगळी झाली असती.

इथवर सगळं छान झालं होतं. मग संपदा मॅडमनी माइक हातात घेतला. म्हणाल्या, “विनर आता त्याच रायफलीतून पाच फुल साइज गोळ्या झाडणार. फॉर द फोटो. किट काढून ओरिजिनल बोल्ट लावायला किती सोपं आहे, तेही लोकांना दिसेल. चाचा, यल्ला, चला.”

टाळ्या पडल्या. गनीभाई टेबलाशी गेले. किट काढून मूळचा बोल्ट घालायला त्यांना एक मिनिट लागायचं. त्या दिवशी सहा लागली. त्यांनी बोल्ट पुसला, उजेडात धरला, परत पुसला. घालताना हात नीट चालत होते, कारण हातांना भीती नव्हती. मॅडमनी पाच मोठी काडतुसं ओळीने समोर ठेवली. पितळी, लांबट, एकेक बोटाएवढं. विघ्नेश रजेवरून परतला होता, तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने नजरेने विचारलं, मी झाडू का? आणि मनगटाकडे बोट करून खूणही केली, की सांगा दुखतंय म्हणून.

गनीभाईंच्या ओठावर मनगट आलंच होतं. पण काचेमागे इनाया अंगठा वर करून उभी होती, टेबलावर एकशे सत्त्याऐंशीचा कागद पडला होता, आणि तो कागद त्यांनी खरोखरच कमावला होता. आयुष्यात पहिल्यांदा खरं काहीतरी हाताशी आलेलं असताना त्याच्या शेजारी ते जुनं मनगट ठेवणं त्यांना बरं वाटेना. त्यांनी कानावरचं झाकण काढलं, मॅडमकडे वळले, आणि माइक मॅडमच्या हातातच आहे हे लक्षात न घेता म्हणाले, “मॅडम, मला मोठ्या गोळीच्या आवाजाची भीती वाटते. पहिल्यापासून वाटते. एकवीस वर्षं माझ्या तपासणीच्या गोळ्या हा विघ्नेश झाडतो.”

स्पीकर चांगले होते. पार्किंगपर्यंत ऐकू गेलं.

कुणी हसलं नाही, कारण कुणाला कळेना हसायचं की काय करायचं. अबू सैफनी शेजाऱ्याला विचारलं, तो काय म्हणाला. शेजाऱ्याने अरबीत सांगितलं. मग ते उठून आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की आपण कशालाही भीत नाही, फक्त दातांच्या डॉक्टरकडे जाताना बायकोला बरोबर नेतो. त्यावर लोक हसले.

पण गनीभाई बघत होते काचेकडे. सुरैय्या दार उघडून आत आली होती. विघ्नेशने तिला पिवळ्या रेषेच्या अलीकडे थांबवलं. गनीभाई तिच्यापाशी गेले आणि हळूच म्हणाले, “तुला सांगायला हवं होतं.”

“मला ठाऊक आहे,” सुरैय्या म्हणाली.

“कधीपासून?”

“लग्नापासून. वरातीत फटाके लावले, तेव्हा तुम्ही जनरेटर बघायला गेलात. वरातीला जनरेटर नव्हता.” ती पुढे म्हणाली, “आणि कुकर लावला की दुसऱ्या शिटीच्या आधी बाल्कनीत जाता. एकतीस वर्षं झाली.”

गनीभाईंनी विचारलं, मग बोलली का नाहीस. ती म्हणाली, गोष्ट तुमची होती, तुम्ही सांगाल तेव्हा सांगाल. सांदण कशाबद्दल जातं तेवढं मात्र आज कळलं. आणि तिने विघ्नेशकडे असं पाहिलं की तो वाळूकडे बघू लागला.

मॅडमचा फोटो अजून राहिलाच होता. रायफल तयार, पाच गोळ्या तयार. सुरैय्याने त्या गोळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, घरच्यांपैकी कुणी चालेल का. गनीभाईंच्या आधी विघ्नेश हो म्हणाला. त्याने तिला कसं उभं राहायचं ते दाखवलं, तिच्या खांद्यामागे हात धरला, एकच गोळी भरली. गनीभाई कान झाकून दाराबाहेर गेले. तिथून त्यांना दणका ऐकू आला. ते आत आले तेव्हा सुरैय्या ओढणी सारखी करत होती. कागदाला काहीच लागलं नव्हतं. गोळी कुठे गेली ते त्या वाळूलाच माहीत. पण फोटोत तिचे दोन्ही डोळे टक्क उघडे आहेत. मॅडमनी तोच फोटो पेजवर टाकला.

झुबेरच्या फोनमध्ये मरियमबीने सगळं ऐकलं होतं. मग ती दुखावल्या स्वरात म्हणाली, “मग अबुधाबीला तो रानडुक्कर कुणी मारला?” गनीभाईंनी शपथेवर सांगितलं की रानडुकराचं ते आजच ऐकतायत. मरियमबीने थोडा विचार केला आणि म्हणाली, असू दे, पहिला नंबर तर आला ना, तेवढं सांगायला पुरे आहे. नंतर कळलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत श्रीवर्धनात दोनशेपैकी एकशे सत्त्याऐंशीचे दोनशेपैकी दोनशे झाले होते.

संपदा मॅडमनी सोमवारी गनीभाईंना केबिनमध्ये बोलावलं. तपासणीचा नियम एकवीस वर्षं वाकवला म्हणून आता बोलणी बसणार, अशा तयारीने ते गेले. बोलणी बसली, पण दोनच मिनिटं. मग मॅडमनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. शनिवारपासून क्लबला चाळीसेक मेसेज आले होते, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलं होतं: आवाजाची भीती वाटणाऱ्यांसाठी तुमच्याकडे काही आहे का. मॅडम म्हणाल्या, “चाचा, शनिवार सकाळची एक नंबर लेन तुमची. शिकवाल?”

आता शनिवारी सकाळी गनीभाई शिकवतात. त्यांची शिकवण्याची रीत जरा निराळी आहे. आलेल्या माणसाला ते आधी बंदूक देत नाहीत. खुर्चीत बसवतात, चहा देतात आणि विचारतात, तुम्हाला कुठल्या कुठल्या आवाजाची भीती वाटते. लोक सुरुवातीला म्हणतात, कसलीच नाही. दुसऱ्या घोटाला सांगू लागतात. एका बँकेतल्या बाईला मिक्सरची होती. अबुधाबीहून येणारे एक सहा फुटी इंजिनियर आहेत, दंड मांडीएवढे, त्यांना फुगा फुटण्याची आहे. मुलांच्या वाढदिवसाला ते दरवर्षी ऑफिसची मीटिंग काढतात. पहिल्या दिवशी त्यांनी डोळे मिटून चाप ओढला आणि ‘टप्’ झाल्यावर विचारलं, सुटली का? गनीभाई म्हणाले, सुटली, आता पुढची बघून सोडा. त्या दिवशी इंजिनियरसाहेबांनी साठ गोळ्या झाडल्या. उठायलाच तयार नव्हते.

मोठ्या गोळीची तपासणी अजून विघ्नेशच करतो, पण आता रजिस्टरवर सही त्याचीच असते. तो लेनवर जायला निघाला की गनीभाई सरळ सांगतात, मी बाहेर जातो, आणि पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतात. पाच वेळा दणका होतो. कधी कधी मोजताना चूक होते, म्हणून ते दार जरासं किलकिलं करून आत विचारतात, “खलास? की एक राहिली?”